व्हिएन्नाचा बंदोबस्त : प्रस्तावना

१७९२ च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हापासून १८१५ च्या जून महिन्यात वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा अखेरचा पराभव होईपर्यंत, मधूनमधून पडलेला अल्पकाळचा खंड सोडला तर, युरोप खंड तेवीस वर्षे लढत होता. आणि या तेवीस वर्षांत माणसे मेली, शहरे जळाली, खजिने रिते झाले, इतकेच सांगून भागत नाही, कारण ज्यांच्या आधाराने एक राज्य दुसऱ्या राज्याशी व्यवहार करीत असते त्या सनदा, ते हक्क, त्या सरहद्दी आणि ते संकेत यांचीही पार उलथापालथ होऊन गेली होती. व्हेनिसचे पुरातन प्रजासत्ताक १७९७ साली नाहीसे झाले. हजार वर्षांची परंपरा सांगणारे पवित्र रोमन साम्राज्य १८०६ साली सम्राटाच्या एका घोषणेने संपले. १८०७ च्या टिल्झिटच्या तहाने प्रशियाचा जवळजवळ निम्मा मुलूख गेला. नेपोलियनने आपल्या भावांना हॉलंड, वेस्टफालिया आणि स्पेन यांच्या गाद्यांवर बसविले, मेहुण्याला नेपल्स दिले. आणि त्याचा अंमल उठला तेव्हा कोणत्या गादीवरचा राजा खरा व कोणता तोतया, कोणता तह अजून बंधनकारक व कोणता रद्द, कोणत्या जहागिरीचा वारस कोण, याचा निवाडा करील अशी एकही सर्वमान्य सत्ता युरोपात उरलेली नव्हती.

या ग्रंथात त्या युद्धांचे वर्णन नाही. ती संपत असताना आणि संपल्यावर, सप्टेंबर १८१४ ते जून १८१५ या काळात व्हिएन्ना येथे भरलेल्या परिषदेने आणि तिच्या मागच्यापुढच्या तहांनी युरोपची राजकीय घडी पुन्हा कशी बसविली, याचा विचार करावा एवढाच माझा उद्देश आहे. आपल्याकडे इतिहासाची गोडी लागते ती बहुधा रणांगणाच्या वाटेने; पानिपत, खर्डा, आष्टी ही नावे ज्याच्या जिभेवर असतात, त्याला सालबाईच्या तहाची कलमे ठाऊक असतातच असे नाही, जरी त्या तहाने मराठे आणि इंग्रज यांच्यात वीस वर्षे शांतता राखली असली तरी. वास्तविक लढाईचा निकाल एका दिवसात लागतो. त्या निकालाचे करायचे काय, हे ठरविण्यासाठी मात्र मुत्सद्द्यांना महिनोन्महिने झटावे लागते, आणि त्यांच्या हातून जे घडते किंवा बिघडते त्याची फळे पुढच्या दोन-तीन पिढ्या भोगीत असतात.

अभ्यासाअंती माझे जे मत बनले ते आरंभीच सांगून टाकतो. व्हिएन्नाला जो नकाशा काढला गेला तो पुष्कळ ठिकाणी चुकलेला होता आणि पंधरा वर्षांतच तो फाटू लागला. परंतु जिंकलेल्याने हरलेल्याला वेळीच आपल्या पंक्तीस घ्यावे, आणि तंटा उपस्थित होताच फौजा हलविण्यापूर्वी थोर सत्तांनी एकत्र बसून मसलत करावी, ही जी वहिवाट तेथे पडली ती नकाशापेक्षा किती तरी अधिक काळ टिकली. १८१५ पासून क्रिमियाच्या युद्धापर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, युरोपातील पाच थोर सत्तांपैकी कोणत्याही दोन सत्ता परस्परांशी लढल्या नाहीत, आणि साऱ्या खंडाला ओढून घेणारे युद्ध १९१४ पर्यंत झाले नाही. त्यापूर्वीच्या दोन शतकांत युरोपला अशी स्वस्थता लाभल्याचे दिसत नाही.

मोठ्या युद्धानंतर सर्वांनी जमून तह करावा ही कल्पना अर्थात नवी नव्हती. तीस वर्षांचे युद्ध संपविणारा वेस्टफालियाचा तह १६४८ साली झाला, तेव्हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पक्षांचे वकील एका गावात बसावयास तयार नव्हते, म्हणून म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक अशा दोन गावी वाटाघाटी चालल्या आणि जासूद खलिते घेऊन या गावाहून त्या गावी वर्षानुवर्षे धावत राहिले. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहातही युरोपच्या बहुतेक सत्ता गुंतल्या होत्या. परंतु हे तह म्हणजे चालू भांडणाचा हिशेब मिटविण्याचे दस्तऐवज होते. हिशेब मिटला की ज्याने त्याने आपापल्या घरी जावे आणि पुढचे भांडण निघेपर्यंत एकमेकांवर पाळत ठेवावी, हाच रिवाज होता. १८१४ साली निराळे काही घडण्यास आरंभ झाला तो व्हिएन्नाला नव्हे, तर फ्रान्समधील शोमाँ या लहानशा गावी. नेपोलियनविरुद्धचे युद्ध अजून चालू असताना, त्या वर्षीच्या मार्चमध्ये, ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांनी तेथे करार केला की, प्रत्येकाने दीड लक्ष फौज रणांगणात ठेवावी, कोणीही एकट्याने शत्रूशी तह करू नये, आणि ही मैत्री युद्धानंतरही वीस वर्षे चालावी. या कराराचा आत्मा होता ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे. तो स्वतः समुद्र ओलांडून, भर हिवाळ्यात, दोस्त राजांच्या छावणीत जाऊन राहिला होता. आणि जे राजे एकमेकांच्या हेतूंविषयी क्षणोक्षणी साशंक होत, त्यांना एका खोलीत बसविण्याचे काम पैसा आणि पत्रे यांनी होत नाही, ते माणसानेच करावे लागते, हे त्याने तेथे ओळखले.

३१ मार्च १८१४ रोजी दोस्तांच्या फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. वीस-बावीस वर्षे ज्या राष्ट्राच्या फौजांनी माद्रिदपासून मॉस्कोपर्यंत धुमाकूळ घातला होता ते राष्ट्र आता पायांशी पडले होते, आणि सूडाची इच्छा कोणाच्या मनात नसेल तरच नवल. तरीसुद्धा ३० मे रोजी पॅरिसला जो तह झाला त्यात फ्रान्सकडून एक फ्रँकही खंडणी मागितली गेली नाही. १७९२ च्या आरंभी त्याच्या ज्या सरहद्दी होत्या त्या, किंबहुना त्याहून थोड्या अधिक, त्याला ठेवू दिल्या. आणि हिंदुस्थानातील पाँडिचेरी-चंद्रनगरसारखी त्याची ठाणीही त्याला परत मिळाली. नेपोलियनला गादीवरून काढले, त्याच्या जागी जुन्या बूर्बाँ राजघराण्यातला अठरावा लुई बसविला, आणि दोष एका माणसाचा होता, राष्ट्राचा नव्हता, असे मानून पुढे चालायचे ठरले. हे मानणे सत्याला कितपत धरून होते यावर वाद घालता येईल; पण ते शहाणपणाचे होते यात मला तिळमात्र शंका नाही. याच तहाच्या ३२ व्या कलमाने असे ठरविले की, दोन महिन्यांच्या आत सर्व संबंधित सत्तांनी आपले मुखत्यार व्हिएन्नाला पाठवावेत.

व्हिएन्नाच्या त्या हिवाळ्याची जी कीर्ती जगात पसरली ती मेजवान्या, नाच, शिकारी आणि बर्फावरच्या गाड्यांच्या मिरवणुका यांची, आणि पुष्कळ लेखकांनी परिषदेची कथा म्हणजे एक लांबलेला नाच, अशाच रीतीने सांगितली आहे. दोन सम्राट, चार राजे आणि संख्येने मोजता येणार नाहीत इतके संस्थानिक आपापल्या परिवारानिशी एका शहरात महिनोन्महिने राहिले म्हणजे करमणुकीची सोय यजमानाला करावीच लागते. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्सिस याने ती केली आणि त्या खर्चाने त्याचा आधीच खचलेला खजिना आणखी खचला. पण त्या नाचघरांच्या मागे दुसरेही एक व्हिएन्ना होते. पोलीसप्रमुख बॅरन हागर याचे हस्तक पाहुण्यांच्या घरी नोकर म्हणून शिरत, केराच्या टोपलीतले आणि शेकोटीतले अर्धवट जळालेले कागद गोळा करीत, टपालातली पत्रे उघडून नकलून पुन्हा बेमालूम बंद करीत, आणि रोज सकाळी त्याचा गोषवारा सम्राटापुढे जाई. कॅसलरेला याची अटकळ असल्यामुळे त्याने नोकरही आपलेच ठेवले आणि कागदपत्रांची कडक व्यवस्था केली. या दोन्ही व्हिएन्नांच्या मधोमध, ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख याच्या कचेरीत, खरे काम चालले होते. आणि कामकाजाची टिपणे, मसुदे व जाहीरनामे लिहिण्याचे ओझे परिषदेचा चिटणीस फ्रीड्रिख गेन्ट्स याच्या शिरावर होते. सर्व सत्तांचे प्रतिनिधी एका सभागृहात बसले आहेत अशी पूर्ण सभा या परिषदेत एकदाही भरली नाही, ही गोष्ट वाचकाने प्रथमपासून ध्यानात ठेवावी.

चार विजयी सत्तांचा बेत असा होता की, महत्त्वाचे प्रश्न आपण चौघांनी आधी आपापसांत मिटवावेत आणि मग फ्रान्स व स्पेन यांना कळवावेत. हा बेत ज्याने पहिल्याच आठवड्यात उधळून लावला तो फ्रान्सचा मुखत्यार तालेराँ. बिशप, क्रांतीचा पुरस्कर्ता, नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री आणि आता बूर्बाँ राजाचा मंत्री, अशी त्याची पायरीपायरीची कारकीर्द पाहिली म्हणजे त्याच्या चारित्र्याविषयी आदर वाटणे कठीण जाते. पण ३० सप्टेंबर १८१४ च्या दुपारी त्याने जे केले ते राजकारणाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. मेटरनिखच्या कचेरीत त्याला बोलावून चौघांनी एक मसुदा त्याच्यापुढे ठेवला, आणि त्यात ‘दोस्त सत्ता’ हे शब्द आले होते. तालेराँने विचारले की, दोस्त ते कोणाविरुद्ध? नेपोलियनविरुद्ध नसणार, कारण तो एल्बा बेटावर आहे. फ्रान्सविरुद्ध नसणार, कारण मे महिन्यात तह झाला आहे. आणि फ्रान्सच्या राजाविरुद्ध तर नाहीच नाही, कारण तोच त्या तहाचा जामीन आहे. जमलेल्यांपैकी कोणालाच या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मसुदा मागे घ्यावा लागला. आणि गेन्ट्सने आपल्या रोजनिशीत त्या प्रसंगाची जी नोंद केली आहे तीवरून त्या खोलीतल्या माणसांना काय वाटले असेल याची चांगली कल्पना येते. पराभूत राष्ट्राचा वकील, ज्याच्या पाठीशी त्या घटकेला म्हणण्यासारखी फौजही नव्हती, केवळ तहाच्या शब्दांवर बोट ठेवून पंक्तीत जागा मागत होता, आणि ज्यांनी स्वतःच तो तह केला होता त्यांना ती नाकारता येत नव्हती. आदल्या मेमध्ये सौम्य तह केला नसता तर हा प्रसंगच आला नसता. आणि हा प्रसंग आला नसता तर पुढच्या तीन महिन्यांत जे घडले त्यातून दोस्तांनाही वाट सापडली नसती.

कारण खरा पेच फ्रान्सचा नव्हताच. तो विजेत्यांच्या आपापसांतल्या हव्यासाचा होता. रशियाचा झार अलेक्झांडर याला पोलंडचे राज्य पुन्हा उभारायचे होते, आणि त्या राज्याचा राजा स्वतः व्हायचे होते. पोलंडवर अठराव्या शतकात झालेल्या अन्यायाचे परिमार्जन करावे ही भावना त्याच्या मनात अगदीच नव्हती असे म्हणवत नाही. पण वॉर्सा आणि आसपासचा प्रदेश रशियन फौजांच्या ताब्यात होता, आणि झारचे औदार्य व झारचे सामर्थ्य नेमक्या एकाच दिशेने वाहत होते, हेही खरे. यात प्रशियाचा जो पोलिश मुलूख जाणार होता त्याच्या मोबदल्यात प्रशियाने सारा सॅक्सनी मागितला. सॅक्सनीचा राजा शेवटपर्यंत नेपोलियनला चिकटून राहिल्यामुळे लाइपझिगच्या लढाईनंतर कैदेत पडला होता, तेव्हा त्याचे राज्य खालसा करण्यास हरकत कोणती, असा प्रशियाचा सवाल होता. ऑस्ट्रियाला दोन्ही गोष्टी प्राणघातक होत्या, कारण रशिया क्राकोव्हच्या वेशीशी आणि प्रशिया बोहेमियाच्या डोंगरांशी येऊन ठेपणार होता. इंग्लंडला या प्रदेशांत काहीच नको होते. पण एका विश्वविजेत्याला उतरवून त्याच्या जागी दुसरा बसविण्यासाठी आपण इतकी वर्षे पैसा ओतला नाही, ही कॅसलरेची भूमिका होती, आणि त्याने ती झारच्या तोंडावर, समोरासमोर बसून, वारंवार मांडली.

डिसेंबरअखेर परिस्थिती अशी झाली की, आमच्या मागणीला नकार म्हणजे युद्धाचे आव्हान समजू, असे प्रशियाचा मंत्री हार्डेनबर्ग भर बैठकीत बोलून गेला. नेमक्या त्याच सुमारास, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील युद्ध गेंट येथील तहाने संपल्याची बातमी व्हिएन्नात आली, आणि कॅसलरेचा हात मोकळा झाला. लंडनच्या मंत्रिमंडळाची त्याला स्पष्ट सूचना होती की, पोलंड-सॅक्सनीसाठी देशाला युद्धात घालू नये. तरीही ३ जानेवारी १८१५ रोजी त्याने, मेटरनिखने आणि तालेराँने एका गुप्त करारावर सह्या केल्या: तिघांपैकी कोणावर हल्ला झाल्यास प्रत्येकाने दीड लक्ष फौज द्यावी. नऊ महिन्यांपूर्वी ज्याच्या राजधानीत दोस्तांच्या फौजा शिरल्या होत्या तो फ्रान्स, दोन दोस्तांच्या बाजूने, उरलेल्या दोन दोस्तांविरुद्ध उभा राहिला.

कॅसलरेचे हे पाऊल मला त्याच्या आयुष्यातले सर्वांत धाडसी आणि सर्वांत जबाबदार पाऊल वाटते. कराराचा मजकूर गुप्त होता, पण त्याचा वास लागायला वेळ लागला नाही. प्रशियाचा सूर उतरला, झारने पोझ्नान आणि थॉर्न प्रशियाला सोडून दिले, क्राकोव्ह हे स्वतंत्र शहर ठरले, आणि वाटणीचा हिशेब सुरू झाला. हा हिशेब करण्यासाठी परिषदेने एक सांख्यिकी समिती नेमली होती, आणि तिच्या कामाची पद्धत आजच्या वाचकाला अंगावर काटा आणील. प्रशियाला १८०६ पूर्वीचे बळ परत मिळवून देण्याचे वचन होते आणि ते बळ माणसांच्या संख्येत मोजले जात होते. म्हणून सॅक्सनीतले इतके जीव, ऱ्हाइनकाठचे इतके, पोलंडमधले इतके, असे रकाने पाडून बेरजा होत होत्या. नुसती डोकी मोजू नयेत, जमीन, भांडवल किंवा व्यवसाय नसलेला पोलिश शेतकरी आणि ऱ्हाइनकाठचा सुस्थित नागरिक यांना एकाच मापाने तोलू नये, असा आक्षेप तालेराँने घेतला, पण त्या जिवांना कोणी काही विचारावे असे त्यालाही सुचले नाही. अखेर लोकसंख्येच्या मानाने सॅक्सनीचा सुमारे दोन-पंचमांश भाग प्रशियाला गेला, ड्रेस्डेन आणि लाइपझिग यांसह उरलेले राज्य राजाकडे राहिले, आणि प्रशियाला भरपाई म्हणून ऱ्हाइन नदीच्या दोन्ही तीरांवरचा विस्तीर्ण प्रदेश मिळाला. कोळसा आणि लोखंड यांनी समृद्ध असलेला हा प्रदेश पुढे जर्मनीच्या सामर्थ्याचा पाया ठरेल, हे त्या समितीच्या रकान्यांत कोठेच नव्हते. तो प्रदेश प्रशियाला नको होता, आणि इंग्लंडने तो मुद्दाम फ्रान्सच्या शेजारी पहारेकरी बसवावा म्हणून प्रशियाच्या गळ्यात घातला.

७ मार्चची सकाळ मेटरनिखने आपल्या आठवणींत तपशिलाने सांगितली आहे. रात्रीची बैठक पहाटे तीनला संपली होती आणि झोपमोड करू नये अशी नोकराला ताकीद होती. सहाच्या सुमारास जिनोव्हाच्या वकिलातीकडून ‘तातडीचा’ म्हणून एक लखोटा आला. मेटरनिखने तो न फोडताच उशाशी ठेवला, कूस बदलली, पण झोप येईना, म्हणून साडेसातला फोडून पाहिला. नेपोलियन एल्बाहून नाहीसा झाला आहे, असे त्यात होते. आठच्या आत तो सम्राट फ्रान्सिसपुढे होता, सव्वाआठला झारपुढे, साडेआठला प्रशियाच्या राजापुढे. आणि दहा वाजता मुखत्यारांची बैठक भरली तेव्हा घरी परतणाऱ्या फौजांना थांबविण्यासाठी स्वार निघालेही होते. पोलंडच्या भांडणामुळे झार आणि मेटरनिख यांच्यात कित्येक आठवडे अबोला होता. तो त्या सकाळी संपला. या गतीचे श्रेय भीतीला आहे हे कोणीही सांगेल. पण भीती वाटल्यावर धावत जायला एक ठिकाण असावे लागते, आणि सहा महिने एका शहरात भांडत राहिल्यामुळे ते या मंडळींना मिळाले होते. १३ मार्चला आठ सत्तांनी नेपोलियनला कायद्याच्या संरक्षणाबाहेरचा ठरविले, २५ मार्चला शोमाँचा करार नव्याने केला, आणि ९ जूनला, वॉटर्लूच्या आधी नऊ दिवस, १२१ कलमांच्या अंतिम करारनाम्यावर सह्या केल्या. लढाईचा निकाल काहीही लागो, व्यवस्था लिहून ठेवलीच पाहिजे, असा तो निश्चय होता.

नेपोलियनच्या पुनरागमनाच्या, शंभर दिवसांच्या त्या प्रकरणानंतर फ्रान्सला दुसऱ्यांदा तितकी सवलत मिळणे शक्य नव्हते. २० नोव्हेंबर १८१५ च्या पॅरिसच्या दुसऱ्या तहाने त्याच्यावर ७० कोटी फ्रँकची खंडणी बसली, सरहद्द १७९० च्या रेषेपर्यंत मागे आली, आणि दीड लक्ष परकी फौज जास्तीत जास्त पाच वर्षे त्याच्या खर्चाने त्याच्याच मुलखात ठेवण्याचे ठरले. प्रशियन सेनापतींना यापेक्षा पुष्कळ अधिक हवे होते, आल्सास-लोरेन हवे होते. विजयाची निशाणे गोळा करीत बसणे हे आपले काम नव्हे, जगाला पुन्हा शांततेची सवय लावता येते का ते पाहावे, अशा अर्थाचे पत्र कॅसलरेने याच दिवसांत आपल्या पंतप्रधानाला लिहिले आणि ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या मदतीने तो हट्ट मोडून काढला. २० नोव्हेंबरलाच चार सत्तांनी जो स्वतंत्र करार केला त्याच्या सहाव्या कलमात, ठरावीक काळाने एकत्र जमून युरोपच्या शांततेसाठी काय करावे याचा विचार करू, असे त्यांनी लिहून दिले. माझ्या मते त्या साऱ्या वर्षात लिहिल्या गेलेल्या वाक्यांत याहून महत्त्वाचे वाक्य नाही. पुढे १८१८ साली आखेन येथे पहिली सभा भरली, खंडणीची व्यवस्था लागली, परकी फौजा मुदतीपूर्वी दोन वर्षे परत गेल्या, आणि फ्रान्स पाचवी सत्ता म्हणून मंडळात आला. तीन वर्षांत शत्रूचा भागीदार झाला.

परिषदेच्या लहान कामांविषयी येथे दोनच शब्द. वकिलांच्या मानापमानावरून युरोपात पूर्वी रक्त सांडत असे. १६६१ साली लंडनमध्ये स्पेनच्या वकिलाची बग्गी पुढे की फ्रान्सच्या, यावरून भर रस्त्यात मारामारी होऊन माणसे ठार झाली होती. १९ मार्च १८१५ च्या नियमांनी वकिलांचे दर्जे ठरविले आणि एका दर्जातल्या वकिलांचा क्रम ज्याच्या आगमनाची वर्दी आधी त्याचा मान आधी, असा लावून दिला. दीडशे वर्षांनी, १९६१ साली, व्हिएन्नालाच झालेल्या राजनैतिक संबंधांच्या करारात हेच तत्त्व कायम राहिले. ऱ्हाइनवरील नौकानयन सर्वांना मोकळे करून त्यासाठी जे मध्यवर्ती मंडळ स्थापिले ते आजही चालू आहे. गुलामांच्या व्यापाराचा निषेधही ८ फेब्रुवारीच्या जाहीरनाम्यात झाला. तो बंद केव्हा करायचा, ते मात्र प्रत्येकाच्या मर्जीवर सोडले.

आता नकाशाच्या चुका. बेल्जियमला हॉलंडशी जोडले. १८३० साली बेल्जियमने बंड केले. इटलीचे तुकडे करून लोंबार्डी आणि व्हेनिस ऑस्ट्रियाला दिले. तेथे पन्नास वर्षे असंतोष धुमसत राहिला. पोलंडच्या लोकांना राष्ट्रीय संस्था मिळतील असे वचन करारनाम्याच्या पहिल्याच कलमात होते; १८३०-३१ च्या उठावानंतर झारने त्यांची राज्यघटना काढून घेतली आणि १८४६ साली ऑस्ट्रियाने क्राकोव्ह गिळंकृत केले. राजांचे हक्क परत देताना प्रजेच्या इच्छेची दखल घेण्याची गरज या मुत्सद्द्यांना वाटली नाही, आणि मेटरनिखने तर पुढे सभांच्या त्या वहिवाटीलाच प्रजेच्या चळवळी चिरडण्याचे हत्यार बनविले. ट्रोपाउ आणि लायबाख येथील सभांनी नेपल्सच्या उठावावर ऑस्ट्रियाची फौज जाऊ दिली, तेव्हा दुसऱ्या राज्याच्या अंतर्गत कारभारात हात घालण्यासाठी हे मंडळ नाही, असे कॅसलरेने लेखी कळविले आणि इंग्लंडने अंग काढून घेण्यास आरंभ केला. १८२२ साली, अतिश्रमाने बुद्धिभ्रंश होऊन, त्याने आत्महत्या केली. त्याच्यानंतर सभांचा नियमितपणा मोडला. परंतु बेल्जियमचा तंटा निघाला तेव्हा पाच सत्तांचे वकील पुन्हा लंडनला एकत्र बसले, आणि व्हिएन्नाने काढलेली रेघ व्हिएन्नाच्याच पद्धतीने, खंडव्यापी युद्ध न होता, पुसली गेली. १८३९ च्या तहाने बेल्जियम स्वतंत्र आणि तटस्थ ठरले. नकाशा आणि वहिवाट यांत मी जो भेद करतो तो या उदाहरणावरून स्पष्ट व्हावा.

मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी एक प्रश्न येईल, आणि तो टाळणे मला योग्य वाटत नाही. हाच कॅसलरे १८०२ पासून काही वर्षे हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता, आणि वसईच्या तहाने ईस्ट इंडिया कंपनी मराठ्यांच्या राजकारणात नको तितकी गुंतेल अशी शंका त्याने त्या वेळी लिहून ठेवली आहे. कॅसलरेच्या जागी फेब्रुवारी १८१५ मध्ये व्हिएन्नाला जो मुखत्यार आला तो वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. फ्रान्समध्ये ठेवलेल्या परकी फौजेचा सरसेनापतीही तोच. ज्या १८१८ साली पराभूत फ्रान्सला आखेनला सन्मानाने बसविले, त्याच १८१८ साली बाजीराव पेशवा कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला. त्याला आठ लक्षांचे सालीना वेतन देऊन बिठूरला धाडले, सातारच्या छत्रपतींसाठी एक लहान राज्य राखले, आणि बाकीचा मुलूख कंपनीने खालसा केला. युरोपात समतोल, युरोपबाहेर स्वामित्व, असा हा दुहेरी न्याय होता. समुद्र आणि वसाहती यांचा विषय परिषदेपुढे येऊच नये, याची इंग्लंडने पहिल्यापासून खबरदारी घेतली होती. व्हिएन्नाच्या शहाणपणाची स्तुती करताना त्याची ही हद्द सांगितली नाही, तर ती स्तुती खोटी ठरेल.

शंभर वर्षांनंतर तीच हद्द पुन्हा दिसली, आणि या खेपेस शहाणपणही दिसले नाही. ७ मे १९१९ रोजी व्हर्सायला जर्मनीच्या वकिलांना बोलावून तयार तहनामा हातात दिला; समोरासमोर वाटाघाट अशी झालीच नाही, जे म्हणायचे ते लेखी कळवावे असा हुकूम होता. तालेराँला जी जागा मिळाली होती ती त्यांना मिळाली नाही, युद्धाची जबाबदारी २३१ व्या कलमाने जर्मनी व तिच्या मित्रांच्या माथी आली, आणि वीस वर्षांत युरोप पुन्हा पेटला. त्याच १९१९ साली लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. काँग्रेसने शांतता परिषदेसाठी त्यांची निवड केली होती. पॅरिसला जाण्याची परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. पराभूताला बोलावले नाही आणि पारतंत्र्यात असलेल्यालाही बोलावले नाही, अशी ती परिषद होती. १९४५ नंतर युरोपने पहिली चूक पुन्हा केली नाही. युद्ध संपून सहा वर्षे होतात तोच, १९५१ साली, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी आणखी चार देशांसह आपला कोळसा आणि पोलाद एका समाईक अधिकाराखाली आणले. त्याची हकीगत मोठी आहे आणि या ग्रंथाच्या मर्यादेबाहेरची आहे.

वाचकांना माझी एक विनंती आहे. परिशिष्टात अंतिम करारनाम्याच्या सर्व १२१ कलमांचा सारांश दिला आहे. पुस्तक वाचताना परिशिष्टे वगळण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि सरहद्दीच्या गावांची नावे, टोलनाक्यांचे नियम, लहान लहान संस्थानिकांच्या वाटण्या यांनी भरलेली ही कलमे प्रथमदर्शनी रूक्षही वाटतील. तरी ती वगळू नयेत. सॅक्सनी आणि पोलंड यांवरील प्रकरणे वाचण्यापूर्वी १८१२ चा आणि १८१५ चा असे दोन्ही नकाशे शेजारी उघडून ठेवावेत, आणि प्रत्येक कलमाबरोबर कोणता मुलूख कोणाकडून कोणाकडे गेला, व तेथे राहणारे लोक कोण होते, ते स्वतः शोधावे.